लायसन्स नंबर नसलेली ‘परदेशी ट्रायल’ची जाहिरात छापू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपल्या की नागपुरात दोन तऱ्हेचे बॅनर लागतात. एक उन्हाळी शिबिरांचे, दुसरे ‘परदेशी क्लबच्या ट्रायल’चे. पहिल्यांबद्दल काही म्हणणे नाही. दुसऱ्यांवर युरोपातल्या एखाद्या क्लबचा बिल्ला असतो, उडते विमान असते, ‘जागा मर्यादित’ असते आणि एक मोबाइल नंबर. तोच मजकूर वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही येतो, म्हणून हे पत्र आपल्याला. मोहननगर असो की कामठी, फुटबॉल खेळणाऱ्या पोट्ट्याच्या घरात बॅनरपेक्षा छापील जाहिरातीला जास्त वजन असते. ‘पेपरात आलं आहे’ म्हटले की बाप कर्ज काढायला तयार होतो.

संधी नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लहान देशातून, लहान लीगमधून वर जाणारी वाट आहे, पण तिला पायऱ्या आहेत. नेपाळची सावित्रा भंडारी आधी भारतात सेतू एफसी आणि गोकुलम केरळकडून खेळली, मग इस्रायलमध्ये, २०२४ मध्ये फ्रान्सच्या गँगाँकडे आणि तिथून न्यूझीलंडच्या वेलिंग्टन फिनिक्सकडे गेली. फिजीचा रॉय कृष्णा त्याच वेलिंग्टन फिनिक्समधून २०१९ मध्ये कोलकात्याच्या एटीकेत आला. ज्या भारतीय लीगला आपण नाक मुरडतो, ती नेपाळ-फिजीच्या खेळाडूसाठी वरची पायरी आहे! सेनेगलचा सादिओ माने जेनेरासिओँ फूट या अकादमीतून फ्रान्सच्या मेट्झला गेला, तिथून साल्झबर्ग, साउदॅम्प्टन आणि २०१६ मध्ये लिव्हरपूल. आपला गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला, बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला, मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनला गेली. ही सगळी मंडळी आधी अशा ठिकाणी खेळत होती, जिथे त्यांच्या मॅचची नोंद होत होती आणि खेळ कोणाला तरी दिसत होता.

बाहेर जायची घाई का होते तेही समजण्यासारखे आहे. जुलै २०२५ मध्ये आयएसएल या आपल्या देशातल्या मोठ्या लीगचा हंगामच स्थगित झाला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. इथले दार बंद दिसले की माणूस खिडकी शोधतो. मात्र पलीकडे सोन्याचा धूर निघतो हा गैरसमज आहे. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४ हजार खेळाडूंची पाहणी केली. त्यात ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडूंची कमाई महिन्याला हजार डॉलरच्या आत होती आणि ४१ टक्के जणांना आधीच्या दोन वर्षांत पगार उशिरा मिळाला होता. हे सगळे व्यावसायिक खेळाडू होते, गल्लीतले नव्हेत.

आता ते ट्रायलचे पत्र हातात घेऊन बघा. वर क्लबचा बिल्ला, खाली पत्ता जीमेलचा. क्लबच्या स्वतःच्या डोमेनवरचा ई-मेल नाही. सही आहे, पण सही करणाऱ्याचे पद नाही. खेळाडूचे नाव आहे, पासपोर्ट क्रमांक नाही. राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार त्यावर एक ओळ नाही, ‘फी परत मिळणार नाही’ ही ओळ मात्र ठळक. आणि तारखा? मे महिन्याचा शेवट किंवा जूनचा पहिला पंधरवडा, कारण आपल्या मुलांना तेव्हा सुट्ट्या असतात. युरोपातल्या बहुतेक लीग मे अखेर संपतात, खेळाडू रजेवर जातात आणि पुढच्या हंगामाचा सराव जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला लागतो. रिकाम्या मैदानावर कोण कोणाची ट्रायल घेणार? फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड किंवा बाल्टिक देशांत लीग वसंत ऋतूपासून शरदापर्यंत चालते. तिथे नव्या खेळाडूची चाचपणी करायची तर जानेवारी-फेब्रुवारीत. कोणत्या देशाचा हंगाम केव्हा सुरू होतो आणि नोंदणीची मुदत केव्हा संपते, हे त्या त्या फुटबॉल संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट कळते. दहा मिनिटांचे काम आहे. निम्मी पत्रे तारखेवरच गळतील.

खऱ्या निमंत्रणात पासपोर्ट क्रमांक, नेमक्या तारखा, राहण्याची जागा, विम्याची व्यवस्था आणि खर्चाची जबाबदारी लिहिलेली असते, कारण वकिलातीला तेच पाहायचे असते. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि प्रौढाची व्हिसा फी ९० युरो आहे. ‘व्हिसा प्रोसेसिंग’ म्हणून लाख-दीड लाख मागितले तर हे ९० युरो आठवावेत. हा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्यापुरता असतो. त्यावर पगार घेऊन खेळता येत नाही. ‘आधी टुरिस्टवर जा, तिथे वर्क परमिट करून देतो’ हे वाक्य ऐकले की उठून यावे.

वर्क परमिट ही काय चीज आहे ते सुनील छेत्रीच्या उदाहरणावरून कळेल. २००९ मध्ये लंडनच्या क्यूपीआर या क्लबशी त्याची बोलणी झाली, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नसल्याने ब्रिटनने परमिट नाकारले. पुढे भारताचा कर्णधार झालेल्या खेळाडूचा हा अनुभव. ब्रेक्झिटनंतर तिथे १५ गुणांची पद्धत आली. खेळाडूने देशाकडून किती सामने खेळले, क्लबकडून किती मिनिटे खेळला, ती लीग कोणत्या दर्जाची, यावर गुण मिळतात. नागपूरच्या लीगमधून थेट इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबमध्ये नेऊन बसवतो असे सांगणाऱ्याला हे १५ गुण कुठून आणणार तेवढे विचारावे.

आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया इकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. दहावी पास नसलेल्या मुलाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) असते. अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला आधी सरकारची उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते, आणि त्याला पाठवणारा भरती एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. मैदानावरच्या दलालाकडे ती नोंदणी नसते, म्हणून तो व्हिजिट व्हिसाची शिफारस करतो. मग पगार थकला की तक्रार करायला पोरगा पुढे येत नाही, कारण कागदोपत्री तो पर्यटक असतो. म्हणून निदान दहावी तरी होऊ द्या.

एजंटबाबत लोक सर्वात जास्त फसतात. ऑक्टोबर २०२३ पासून फिफाचे नवे एजंट नियम पूर्ण लागू झाले. कमिशनच्या टक्केवारीसारख्या काही कलमांवरून युरोपात कोर्टकचेऱ्या झाल्या, पण लायसन्सची अट कायम आहे. लायसन्स मिळवायला वीस प्रश्नांची, एका तासाची परीक्षा असते आणि ७५ टक्के गुण लागतात. हे लायसन्स माणसाला मिळते, कंपनीला नाही. त्यामुळे ‘आमची संस्था फिफा-मान्य आहे’ हे वाक्यच खोटे. माणसाचे नाव विचारावे, लायसन्स नंबर घ्यावा आणि फिफाच्या संकेतस्थळावरच्या खुल्या यादीत तपासावा. यादीत नाव नाही, विषय संपला. खेळाडूशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा करता येतो. ‘आयुष्यभराचे हक्क’ लिहून घेतले असतील तर तो कागद टिकत नाही, पण पोरगा तेवढ्यानेच दबून राहतो. अल्पवयीन मुलाशी तर एजंटने बोलायचे झाले तरी पालकांची लेखी संमती लागते, आणि तेही तो ज्या वयात पहिला व्यावसायिक करार करू शकतो त्याच्या फार तर सहा महिने आधीपासूनच.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी फिफाच्या खेळाडू बदली नियमावलीतले १९ वे कलम घरात चिकटवून ठेवण्यासारखे आहे. १८ पूर्ण होईपर्यंत आंतरराष्ट्रीय बदली नाही, हा मूळ नियम. अपवाद मोजके: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, युरोपीय महासंघाच्या आत १६ ते १८ वयाची बदली असेल, मुलगा आणि क्लब दोघेही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, निर्वासित किंवा ठरावीक मुदतीचा विद्यार्थी असेल. झिरो माइलपासून मोजले तर सीमा मध्य प्रदेशची लागेल, परदेशाची नाही. बार्सिलोनासारख्या क्लबवर अल्पवयीन मुलांची नोंदणी केल्याबद्दल २०१४ मध्ये फिफाने बंदी घातली आणि त्यांना नोंदणीच्या लागोपाठ दोन मुदतींत नवा खेळाडू नोंदता आला नाही. म्हणूनच स्पेन-पोर्तुगालच्या ‘रेसिडेन्शियल अकादमी’त लाखो रुपये भरून गेलेला १६ वर्षांचा मुलगा अपवादात बसत नसेल तर सराव करतो, फोटो काढतो, पण तिथल्या अधिकृत लीगमध्ये उतरू शकत नाही. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. २०१५ मध्ये लाओसमधल्या एका तथाकथित अकादमीत लायबेरियाची अल्पवयीन मुले अशाच आमिषाने नेलेली आढळली होती. ती गरीब घरांतलीच होती.

समजा सगळे खरे निघाले आणि करार समोर आला. इथे घाई करू नये. करार दोन्ही भाषांत असावा आणि वाद झाल्यास कोणता मजकूर ग्राह्य ते लिहिलेले असावे. कालावधी किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि कमाल पाच वर्षांचा असतो. १८ च्या आतल्यांसाठी कमाल तीन. ‘वैद्यकीय चाचणी पास झाल्यास’ किंवा ‘वर्क परमिट मिळाल्यास करार लागू’ असे कलम असेल तर ते फिफाच्या नियमात बसत नाही. चाचणी सहीच्या आधी करून घेण्याची जबाबदारी क्लबची. ‘पगार द्यायला ६० दिवसांची सवलत’ अशी कलमेही फिफा सहसा मानत नाही. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कोणत्या चलनात, ती कर कापण्याआधीची की कर कापून हाती येणारी, महिन्याच्या कोणत्या तारखेला, घर आणि परतीचे तिकीट कोणाच्या खर्चाने, हे सगळे त्याच कागदावर यावे. ‘घराचं आम्ही बघू’ हे तोंडी आश्वासन जानेवारीच्या थंडीत, भाडे थकल्यावर आठवते.

पगार बँकेत घ्यावा. रोख घेतला तर तो मिळाला नाही हेही सिद्ध करता येत नाही, आणि किती ठरला होता हेही नाही. दोन महिन्यांचे पगार थकले की नियमावलीतले १४ बिस कलम कामाला येते. क्लबला लेखी नोटीस द्यायची, थकबाकीचा आकडा महिन्यानुसार लिहायचा आणि भरण्यासाठी किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. व्हॉट्सअॅपवर ‘सर, पेमेंट?’ लिहिणे म्हणजे नोटीस नव्हे. क्लबच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावी आणि प्रत जपून ठेवावी. मुदत संपेपर्यंत सरावाला रोज हजर राहावे, आणि हजर आहोत याचा पुरावा ठेवावा. बहुतेक मुले इथेच चुकतात. चिडून बॅग भरतात, दहाव्या दिवशी विमानात बसतात आणि मग क्लब म्हणतो, ‘करार यानेच मोडला.’ १५ दिवसांनंतर करार रद्द केला तर तो न्याय्य कारणाने रद्द झाला असे धरले जाते आणि उरलेल्या मुदतीच्या भरपाईसाठी फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाकडे जाता येते. खेळाडूला त्यासाठी फी लागत नाही. मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर क्लबवर लागोपाठ तीन मुदतींपर्यंत नवे खेळाडू नोंदण्याची बंदी येऊ शकते. या बंदीलाच क्लब खरे घाबरतात. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांच्यातला वाद मात्र तिकडे जात नाही. तो एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे न्यावा लागतो. पासपोर्ट कोणी ‘सुरक्षित राहावा म्हणून’ मागितला तर देऊ नये. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, क्लबची नव्हे.

‘आयटीसीची फी’ म्हणून पैसे मागणे ही आणखी एक ठरलेली युक्ती. आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र, म्हणजे आयटीसी, एक संघटना दुसऱ्या संघटनेला देते आणि नियमाप्रमाणे ते विनामूल्य असते. खेळाडूच्या हातात ते येतही नाही. तसेच एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी होते आणि अधिकृत सामने साधारणतः दोनच क्लबांकडून खेळता येतात. ऑक्टोबरात एका क्लबकडून, जानेवारीत दुसऱ्याकडून दोन-दोन मॅच खेळून ठेवणारा पोरगा मार्चमध्ये तिसरीकडे निवडला जातो आणि बाकावर बसतो. मैत्रीखातर नोंदणी बदलू नये, ती यासाठी.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. चार-पाच मिनिटांची क्लिप पुरे, वरून गाणे नको. सुरुवातीला नाव, जन्मतारीख, उंची, कोणता पाय, कोणती जागा. प्रत्येक तुकड्यावर स्पर्धा, तारीख, प्रतिस्पर्धी, जर्सी क्रमांक. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, क्लिपमध्ये तीन गोल आणि एकही टॅकल नाही, असे करू नये. सोबत पूर्ण ९० मिनिटांच्या दोन मॅच जोडाव्यात, त्यातल्या चुकांसकट. पाहणारा आधी त्याच बघतो. मैदानाच्या मध्यरेषेवरून, थोड्या उंचीवरून, खेळाडूंचे आकडे दिसतील असे चित्रण हवे. मोतीबाग मैदानाच्या काठावरून मोबाइल उभा धरून घेतलेले चित्रण कोणी दोन मिनिटांच्या पुढे पाहत नाही.

आता आपल्याच अंगणात. वरच्या सगळ्याचा पाया नोंदणीत आहे आणि ती इथे वेळेवर होत नाही. खेळाडूची एआयएफएफच्या संगणकीय प्रणालीतली नोंद म्हणजे त्याचा फुटबॉलमधला जन्मदाखला. शालेय स्पर्धेसाठी वय दोन वर्षांनी कमी केलेला मुलगा पुढे दोन जन्मतारखा घेऊन फिरतो, एक नोंदणीतली, एक पासपोर्टवरची. परदेशी बदलीच्या वेळी त्या जुळल्या नाहीत की फाइल अडते, आणि तेव्हा महापालिकेचा जन्मदाखला दुरुस्त करत बसण्यात नोंदणीची मुदत निघून जाते. नावाच्या स्पेलिंगचेही तेच. आधार, दाखला, पासपोर्ट, नोंदणी, चारही ठिकाणी एकच अक्षरे हवीत.

यात क्लबचाही रोकडा स्वार्थ आहे. करार चालू असताना खेळाडूची पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. समजा बदली एक कोटी रुपयांची झाली आणि मुलगा १२ ते १७ या वयात कामठीच्या एका क्लबकडे होता, तर पहिल्या चार हंगामांचा एक लाख आणि पुढच्या दोन हंगामांचा एक लाख, असे दोन लाख त्या क्लबचे. तेवढ्यात बॉल, जाळ्या आणि लहान मुलांचे बूट येतात. नोव्हेंबर २०२२ पासून हा हिशेब फिफाचे पॅरिसमधले क्लिअरिंग हाउस करते आणि त्यासाठी खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी पाहते. सेक्रेटरीच्या वहीत नाव आहे, फोटोत मुलगा उभा आहे, याला तिथे किंमत नाही. पहिल्या व्यावसायिक करारावर घडवणाऱ्या क्लबांना मिळणारी प्रशिक्षण भरपाईही याच नोंदींवर ठरते. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरातच झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल उभा केला. ज्या शहरात हे झाले तिथल्या बारा वर्षांच्या पोरांची नावे वहीतच राहावीत, हे बरे दिसत नाही.

उलट दिशेचाही विचार व्हावा. केरळात मलप्पुरमकडे सेव्हन्सच्या (सात-सात खेळाडूंच्या) स्पर्धांत आणि बंगालमध्ये ‘खेप’, म्हणजे भाड्याने, खेळायला पश्चिम आफ्रिकेतली मुले मॅचमागे पैसे घेऊन उतरतात. त्या स्पर्धा अधिकृत चौकटीबाहेर असल्याने पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. मार्च २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी पाठलाग करून मारले होते. विदर्भातला कोणी आयोजक गर्दी खेचायला तीच वाट धरणार असेल तर त्याने हे लक्षात ठेवावे: पर्यटक व्हिसावर पैसे देऊन खेळवणे बेकायदा आहे, आणि परदेशी माणसाला मुक्कामाला ठेवले तर, घर असो वा लॉज, २४ तासांत परदेशी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. आपला पोरगा दुबईत ज्या दलालाच्या तावडीत सापडतो, त्याच दलालाचे काम इथे आपण करू नये.

आपल्याकडे मागणी एवढीच. ‘परदेशी ट्रायल’ची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने दोन गोष्टी मागाव्यात: एजंटचा फिफा लायसन्स नंबर आणि ट्रायल घेणाऱ्या क्लबच्या स्वतःच्या ई-मेलवरून आलेले पत्र. नंबर यादीत तपासून जाहिरातीतच छापावा. जिल्ह्यातल्या क्लबांनाही विनंती आहे की यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची नोंद प्रणालीत चढवून तिची प्रिंट पालकांच्या हाती द्यावी. जन्मदाखल्याची मूळ प्रत मात्र पालकांकडेच राहू द्यावी.

आपले,
स्थानिक क्लबांच्या नोंदणीचे आणि करारांचे कागद पाहणारे काही जण,
नागपूर